अक्काबाईची हाळी

पिंपळगाव बसवंतच्या शिवारात डिसेंबरची थंडी उतरली की पहाटे बागाईतदार बांधाच्या कडेनं ओला पाला पेटवतात. धुरानं गारठा जरा बोथट होतो आणि घडांची वाढ अडत नाही. पण तो धूर काही वर जात नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली बसून राहतो, आणि त्यात माणूस शिरलं की चार पावलांवर दिसेनासं होतं.

त्या दिवशी असाच धूर होता. अक्काबाई भोये टोळीच्या राहायच्या पालाबाहेर दोन चुली मांडून बसली होती. एकीवर नागलीची भाकरी आणि दुसरीवर पातेल्यात पाणी, आणि पाण्यात कात्र्या. विरळणीची कात्री म्हणजे बोटाएवढी, लांब चोचीची. घडातले जादा मणी दिवसभर कापून तिच्यावर चीक बसतो, रात्रीत वाळतो, आणि सकाळी कात्री तोंड उघडत नाही. म्हणून अक्काबाई रोज सगळ्या टोळीच्या कात्र्या कढत पाण्यातून काढायची, पदरानं पुसायची आणि एकेक करून बायांच्या हातात द्यायची. टोळीत बाया तिच्यासकट तेरा. कात्र्या चौदा. चौदावीही ती रोज धुवायची, पुसायची आणि कमरेच्या पिशवीत परत ठेवायची.

आज बागेत जायचं नव्हतं तरी तिनं कात्र्या धुतल्या. हाताला सवय. आज नाशिकला जायचं होतं, कलेक्टर कचेरीतल्या मोठ्या सभागृहात. नागपूरच्या अधिवेशनाआधी आमदारांची एक समिती जिल्ह्यात आली होती. शेतात राबणाऱ्या बायांची मजुरी रास्त किती असावी, त्याचा कायदा कसा करावा, हे ती ऐकून घेणार होती. ही बातमी आणली नसीमनं. नसीम पिंपळगावचीच, कोल्ड स्टोरेजमध्ये माल निवडायला जाणारी, बोलायला लागली की समोरच्याचा चहा गार करणारी. तिनंच अक्काबाईचं नाव यादीत घालून टाकलं होतं आणि मग सांगितलं होतं.

अक्काबाई मूळची पेठच्या डोंगरातली. पाऊस सरला, भात-नागली घरात आली की निम्मा पाडा घाट उतरून खाली येतो, द्राक्षाच्या कामाला. चौदाव्या वर्षी आईचा पदर धरून ती पहिल्यांदा खाली आली, त्याला आता तीस वर्षं झाली. नवरा झिपरू वरच राहतो, बैलं आणि म्हातारी सांभाळत. झिपरूचा मोठा गुण म्हणजे तो प्रश्न विचारत नाही. बायको मुकादम झाली तेव्हाही त्यानं एवढंच म्हटलं, की मग बॅटरी चांगली घेऊन जा.

मुकादम ती झाली तीही आपसूक. आधी टोळी पुंजाची होती. पुंजा प्रत्येकीच्या रोजातून आपला वाटा कापायचा आणि कामापेक्षा सबबी जास्त आणायचा. एका साली त्यानं बायांना हायवेवर उतरवलं, ओझरकडं काम ठरवून येतो म्हणाला आणि दोन दिवस फिरकलाच नाही. दुसऱ्या दिवशी अक्काबाई उठली, रस्त्यावर उभी राहिली आणि जाणारा प्रत्येक टेम्पो थांबवून विचारायला लागली, बाग कुणाची हाय, विरळणीला बाया पाहिजेत का. सातव्या टेम्पोला काम मिळालं. पुंजा आला तेव्हा बाया ओळीत लागलेल्या होत्या. तो म्हणाला, बाईमाणूस मुकादम असतं का कुठं. अक्काबाईनं मान वर न करता सांगितलं, की कात्री आणली असशील तर लाग कामाला, एक ओळ रिकामी हाय.

तिचा आवाज तसा बारीक. शेजारी बसून बोलली तरी कान द्यावा लागतो. पण हाळी तिची वेगळी. वर डोंगरात एका उतारावरून दुसऱ्या उतारावर माणसं हाळी घालतात. मधे दरी असते, जाऊन विचारायला अर्धा दिवस लागतो. खाली आल्यावर अक्काबाईच्या ध्यानात आलं की मांडव ही पण दरीच आहे. पानोळा दाटला की शेजारच्या ओळीतली बाई दिसत नाही, आणि बाग पाच-सात एकराची. तिनं रीत घातली: दर चार खांब पुढं सरकलं की ती हाळी देणार, ‘कोण गं ऽऽ’, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येकीनं आपलं नाव सांगायचं. सुमन ऽऽ, कमळी ऽऽ, असं. एखादं नाव आलं नाही तर हातातली कात्री तिथंच टाकायची आणि त्या ओळीकडं पळत सुटायचं, सगळ्यांनी. का, कशाला, हे पोचल्यावर बघायचं.

सुरुवातीला बाया हसल्या. शेजारच्या बागेतले गडी तर चाळ्यानं मधेच आपली नावं घुसडायचे. मग एकदा कमळीला साप आडवा आला आणि तिची दातखीळ बसली, तेव्हा रीत पटली.

मागच्या साली हाळी सातव्या नावाला अडली. त्या जागी एकोणीस वर्षांची पोर होती. तिचं नाव तिनं कुठं घेऊ नका म्हटलंय, म्हणून इथंही नाही. सहावी संध्या बोलली आणि पुढं काहीच नाही. अक्काबाईनं दुसऱ्यांदा हाळी दिली नाही. तेरा बाया धावल्या. ओळीच्या टोकाला ठिबकच्या पंपाचं शेड होतं. सुपरवायझर हर्षलनं आतून दाराला पाठ लावली होती. बायांनी दार ढकललं, तर आत पोर होती, तिच्या तोंडावर त्याचा हात आणि पोलक्याची बाही खांद्यापासून उसवलेली. बाया पोचल्या म्हणून तेवढ्यावर निभावलं. अक्काबाईनं त्याला हात लावला नाही. पोरीला बाहेर काढलं, तिला मधे घेऊन सगळ्या बाभळीखाली बसल्या, आणि त्या दिवशी पुन्हा कुणाची कात्री चालली नाही.

पोरीच्या बापानं चौकीची पायरी चढायला नकार दिला. माझ्या पोरीचं लग्न व्हायचंय, म्हणाला, आणि तिला घेऊन पाड्यावर गेला. मालकानं हर्षलला दुसऱ्या बागेवर हलवलं, म्हणजे त्याच्या मते विषय मिटला. आणि रविवारी, बाजाराच्या दिवशी, मजुरी हातात पडली तर प्रत्येकीचा अर्धा रोज कापलेला. त्या दिवसाची हजेरी हर्षलनंच लिहिली होती. ‘दुपारनंतर काम बंद.’

गाडीत चढताना पोर अक्काबाईला एवढंच म्हणाली होती, “माझं नाव घेऊ नको. पण सोडू बी नको.”

त्या दिवसापासून हाळीत सातवी जागा रिकामी राहिली. संध्यानंतर आठवीनं लगेच बोलायचं नाही, एक श्वास थांबायचं. हे कुणी ठरवलं नाही. पडत गेलं.

नाशिकला जायच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना मालक प्रफुल्ल शेठ स्वतः पालावर आला होता. माणूस वाईट नव्हे. बायांना चहा सांगतो, आजारी पडली तर गाडी देतो. खाली उकिडवा बसून म्हणाला, “अक्का, उद्या मजुरीचं बिनधास्त बोल. पन्नास रुपये वाढवायला आम्ही सगळे बागाईतदार तयार आहोत. मी शब्द घेतलाय. फक्त ते दुसरं काढू नको. माल परदेशात जातो, तिकडचे लोक शंभर कागद मागतात. एकदा बागेचं नाव खराब झालं की कंटेनर इथंच उभा.”

“आन् आमचा अर्धा रोज, शेठ?”

“कुठला अर्धा रोज?”

तो खरोखरच विसरला होता. हे अक्काबाईला सगळ्यात जास्त लागलं.

तो गेल्यावर बायांमधे जुंपली. सुमनबाई टोळीत वयानं सगळ्यात मोठी, पहिल्या ओळीची, तीन नातवंडांचं शिक्षण तिच्या अंगावर. तिनं सरळ सांगितलं, “पन्नास रुपये घे. पोरगी तर गेली वर, पाड्यावर. एकीपायी तेरा जणींचा घास का घालवती?”

अक्काबाईला तिचा राग आला नाही. तिच्या स्वतःच्या घराचे पत्रे मागच्या वादळात गेले होते. पन्नास रुपये रोजचे म्हणजे हंगामात पत्रे आणि वर रंग. ती म्हणाली, मी पोरीला शब्द दिलाय. सुमनबाई म्हणाली, शब्दाला कोण साक्षी व्हतं? आणि कूस बदलून झोपली.

तर अशा मनानं अक्काबाई सभागृहात बसली होती. गारठ्यातून आली तर आत आणखी गारठा, मशीनचा. गोल टेबलाला आमदार, त्यांच्यामागं साहेब लोक, प्रत्येकासमोर माईक. बायांना पार मागच्या दोन रांगांत बसवलं होतं.

दीड तास आमदारांचंच चाललं. एक म्हणाले, किमान वेतनाचा कायदा आहेच, बांधावर तपासणीला कोणी जात नाही एवढंच. दुसऱ्यांनी विचारलं, बाप्याला पाचशे आणि बाईला साडेतीनशे हे कुठल्या हिशेबानं? घडाला काय कळतं कात्री कोणाच्या हातात आहे? त्यावर एक वयस्कर आमदार, स्वतः बागाईतदार, तावातावानं औषधांचे आणि खतांचे भाव सांगू लागले. अध्यक्षा बाई होत्या, शांत, सगळं टिपून घेणाऱ्या. त्यांनी मधेच कामावरच्या छळाचा विषय काढला, तर म्हाताऱ्या आमदारांनी हात वर केला. तो विषय वेगळा, खातं वेगळं, त्याला जिल्ह्याला तक्रार समिती आहे. आज मजुरीपुरतं बोलू.

मग अक्काबाईचं नाव पुकारलं. तीन मिनिटं, फक्त विषयावर, असं शिपायानं कानात सांगितलं. माईकचं बटण त्यानंच दाबलं. लाल दिवा लागला.

“मी अक्काबाई झिपरू भोये. विरळणीची टोळी हाय माझी.” रोज किती, काम किती तास, जाण्यायेण्याचा टेम्पो कोणाच्या खिशातून, हे तिनं सांगितलं. नीट सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली. आता पुढं एक तर पन्नास रुपये होते, नाही तर पोरगी होती. सुमनबाईचं तोंड बघावं म्हणून ती मागं वळली.

मागं कुणीच दिसेना. खुर्च्या उंच पाठीच्या, जाड, आणि डोंगरातल्या बाया ठेंगण्या. नुसत्या काळ्या खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी. पहाटेच्या धुरात मांडव दिसतो तशा. आणि अक्काबाईच्या गळ्यानं तेच केलं जे तो रोज करतो.

“कोण गं ऽऽ?”

माईक चालूच होता. टेबलावरचे ग्लास थरथरले म्हणतात. दारातला पोलीस दोन पावलं पुढं आला. आणि बायांनाही आपण कुठं आहोत याचं भान यायच्या आधी सवयीनं पहिला आवाज आला, सुमनबाईचा. “सुमन ऽऽ.” मग कमळी. मग तिसरी, चौथी, पाचवी. “संध्या ऽऽ.”

आणि मग एक श्वास काहीच नाही.

मग आठवी बोलली, नववी, आणि शेवटच्या ओळीपर्यंत नावं गेली. बोलून झाल्यावर बायांना कळलं काय झालं ते, आणि दोन-तीन जणींनी तोंडात पदर कोंबला. कोणीतरी आमदार हसले. वृत्तांत लिहिणारा कारकून पेन उचलून अध्यक्षांकडं बघत राहिला, की हे काय म्हणून लिहू.

अध्यक्षा हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “सहावीनंतर का थांबल्या?”

आता पळवाट नव्हती, आणि खरं म्हणजे अक्काबाईला ती नकोही होती. सुमननं हाळीला ओ दिली, तिथंच तिचं ठरलं होतं. तिनं हाळीची रीत सांगितली. सातव्या जागेचं सांगितलं, पंपाच्या शेडचं सांगितलं. नाव पोरीचं घेतलं नाही, बागेचंही घेतलं नाही. त्या दिवशी धावलो म्हणून रविवारी अर्धा रोज कापला, हे सांगितलं. म्हणाली, जिल्ह्याची समिती हाय म्हणता, ती इथं नाशकात. तिथं यायला एक रोज जातो, आन् तो बी आमचाच.

“मजुरी येगळी आन् हे येगळं, असं तुमी म्हणता. आमच्याकडं ते एकच हाय. ज्याच्या हातात हजेरी, त्याच्याच हातात पोरीचं मनगट. मग पोर वरडंल कशी? मला दुसरं काय नको. हाळी अडली आन् आमी धावलो, तर तेवढा वेळ कापू नका. तेवढं कायद्यात लिवा.”

म्हाताऱ्या आमदारांनी घसा साफ केला. त्यांचं म्हणणं अगदी गैर नव्हतं. ते म्हणाले, “बाई, असा वेळ जातो किती? पंधरा मिनिटं? पंधरा मिनिटांसाठी कायदा कसा करायचा?”

“आमी पंधरा मिनिटं उशिरा पोचलो असतो तर, साहेब?”

त्यांनी पुढ्यातला पाण्याचा ग्लास बाजूला सारला. कारकुनाला म्हणाले, “लिहा. बाई म्हणाल्या तसंच लिहा.”

परतताना पिकअपमधे नसीम सारखी मोबाइल बघत होती. हाळीचं सगळं तिनं उठून उभं राहून टिपलं होतं, आणि नाशिकची हद्द ओलांडायच्या आत ते पन्नास ठिकाणी गेलंही होतं. पालाजवळ उतरताना सुमनबाई म्हणाली, “पन्नास गेले गं, अक्का.” अक्काबाई म्हणाली, “व्हय.” सुमनबाईनं चुलीजवळचं पातेलं उचललं आणि भात लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल शेठचा निरोप आला, की विरळणीला दुसरी टोळी सांगितलीय. दोन दिवस तेरा बाया हात बांधून बसल्या. त्या दोन दिवसांत सुमनबाईनं एक टोमणा मारला नाही, आणि हे अक्काबाईला फार मोठं वाटलं. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः आला. दुसऱ्या टोळीनं घड ओरबाडले होते, आणि मणी काही कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही, रोज फुगतो. त्यानं खिशातून नोटांची गड्डी काढून पुढं केली. मागच्या सालचा अर्धा रोज, सगळ्यांचा, त्या चौदावीचाही.

“आता तरी चला,” तो म्हणाला.

अक्काबाईनं सांगितलं, येतो, पण हर्षल ज्या बागेवर असंल त्या बागेवर आमी नाय, आन् वरून येणाऱ्या बाकीच्या टोळ्यांना बी सांगून ठेवलंय. शेठनं गड्डी तिच्या हातात ठेवली. मग म्हणाला, त्याला उद्यापासून घरी बसवतो. पन्नास रुपयांचं त्यानं काढलं नाही. नसीम म्हणते तो पुढं पंचवीसवर आला, पण ते नंतरचं.

नागपुरात अधिवेशन लागलं तेव्हा बाया ओळीत होत्या. संध्या बारावी शिकलेली. तिनं कानात तार घालून सभागृहातली चर्चा ऐकली आणि मांडवाखालून मोठ्यानं सांगत गेली. कोणी खर्चाचं बोललं, कोणी म्हणालं मुंबईत बसून बांधावरची हजेरी कशी तपासणार. मग तेच म्हातारे आमदार उठले आणि हाळीची गोष्ट सांगू लागले. मधे कोणी थट्टा केली, तर ते म्हणाले, मीही आधी हसणाऱ्यांतलाच. मंत्र्यांनी शेवटी आश्वासन दिलं, की स्वतःच्या नाहीतर दुसरीच्या अब्रूसाठी काम थांबवलं तर तो वेळ हजेरीत धरावा, हे मसुद्यात घेऊ. संध्यानं विचारलं, अक्का, झालं ना? अक्काबाई म्हणाली, मसुदा म्हंजे अजून शिजायचं हाय. चार खांब सरा पुढं.

पुढच्या सोमवारी सकाळी, पुन्हा तसाच धूर होता, पेठच्या एसटीनं झिपरू आला. हंगामात तो कधी खाली यायचा नाही. मागं ती पोर होती, हातात कापडी पिशवी. झिपरू म्हणाला, “मोबाइलवर बघितलं सगळ्या पाड्यानं. हिच्या बापानं चारदा बघितलं.” एवढं म्हणून तो चुलीशी बसला.

पोर अक्काबाईकडं न बघता बोलली. “सहावीनंतर तुमी थांबल्या.”

“मग? तुझी जागा हाय ती.”

अक्काबाईनं कमरेच्या पिशवीतून चौदावी कात्री काढली. सकाळीच धुतलेली होती. एकदा उघडून मिटून बघितली आणि तिच्या हातात दिली. कोणी गळ्यात पडलं नाही. सुमनबाईनं तिला एक भाकरी दिली आणि लवकर खा म्हणाली, ऊन चढायच्या आत दोन ओळी काढायच्या हायत.

बाया मांडवात शिरल्या आणि धुरात दिसेनाशा झाल्या. चार खांब झाले. अक्काबाईनं हाळी दिली. सुमन बोलली, कमळी बोलली, तिसरी, चौथी, पाचवी. संध्या बोलली. मग तो नेहमीचा एक श्वास गेला, आणि दुसराही गेला, आणि आठवी काही बोलेना, सगळा मांडव थांबलेला. मग सातव्या ओळीतून पोरीनं आपलं नाव घेतलं. आवाज घोगरा होता, पण पोचला.

अक्काबाईच्या कात्रीवर तेवढ्यात चीक धरला होता. तिनं ती पदराला पुसली आणि पुढचा घड हातात घेतला.